गाडी नंतर, थांबे आधी

लांबच्या प्रवासाचं ठरलं की आपल्या घरांत पहिला प्रश्न येतो तो गाडीचा. कुठली, कितीला, कोणाच्या ओळखीची? मग सगळी चर्चा किलोमीटरच्या दरावर जाते आणि ज्या माणसासाठी प्रवास करायचा ते माणूस कोपऱ्यात बसून ऐकत राहतं. इंदूरहून आईला बेळगावला पोचवायचं ठरलं तेव्हा आमच्याकडेही हेच सुरू झालं होतं.

माझं माहेर बेळगाव, सासर इंदूर. आई मूळची कन्नड घरातली, लग्नानंतर मराठी झालेली. लहानपणी आमच्याकडे रागावणं कन्नडमध्ये आणि समजूत घालणं मराठीत, अशी वाटणी होती. आपल्या भागातल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. ७८ व्या वर्षी ती महिनाभरासाठी म्हणून माझ्याकडे आली आणि न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलं, वॉकर सुटून हातात काठी आली. पण एका महिन्याचे अकरा महिने झाले.

इंदूर मराठी माणसाला तसं परकं नाही. होळकरांच्या काळापासूनची मराठी घरं इथे आहेत, गणपती-गौरी आहेत. पण कन्नड? संध्याकाळी बेळगावच्या शेजारणीचा फोन आला की ‘ऊट आत?’ एवढ्या दोन शब्दांनी आईचा चेहरा खुलायचा. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटलं त्या दिवसापासून तिने पिशवी भरायला घेतली.

विमान तिने पहिल्याच वाक्यात मोडीत काढलं. रेल्वेच्या उंच पायऱ्या नव्या खुब्याला झेपणार नव्हत्या. राहिली भाड्याची गाडी. अंतर नऊशे किलोमीटरहून जास्त, राज्यं तीन. माझ्या मुलाने मोबाइलवर बघून दोन मिनिटांत बेत केला. पहाटे चारला निघायचं, रात्री पुणे, दुसऱ्या दिवशी दुपारी बेळगाव. माझा भाऊही फोनवर म्हणाला, ‘दोन दिवसांत आणा, उगाच लांबवू नका.’

आई म्हणाली, ‘याकप्पा, इष्ट गडबड?’ नातवाला कन्नड येत नाही, पण गडबड कळली. मग ती मराठीत म्हणाली, ‘मी आता परत इंदूरला येणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. हा रस्ता मी शेवटचा बघणार. मला अंधारातून नेऊ नका.’

यावर कोणी काही बोललं नाही. मुलाने मोबाइल खाली ठेवला आणि वही आणली. पहिल्या पानावर गाडीचं नाव लिहिलं नाही. आईला काय जमतं आणि काय जमत नाही, ते लिहिलं. दीड-दोन तासांपेक्षा जास्त सलग बसायचं नाही, उतरून चार पावलं चालायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खाली बसता येत नाही, म्हणून प्रत्येक थांब्यावर कमोड हवा. मुक्कामाची खोली तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीत. आसन फार खोल नको आणि चढायला फार उंचही नको. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं. एवढं लिहून झाल्यावर रस्ता आपोआप चार तुकड्यांत पडला: इंदूर ते धुळे, धुळे ते अहिल्यानगर, अहिल्यानगर ते सातारा, सातारा ते बेळगाव. एकेक तुकडा साधारण सव्वादोनशे किलोमीटरचा.

‘चार दिवस म्हणजे भाडं दुप्पट होणार,’ अशी शंका अर्थातच आली. तेव्हा यजमान कागद-पेन घेऊन बसले. बाहेरगावच्या गाडीला बहुधा दिवसाला किमान २५० किलोमीटरचा आकार लावतात आणि गाडी गॅरेजमधून निघून गॅरेजला परत पोचेपर्यंतचं अंतर धरतात. म्हणजे आम्हाला बेळगावला सोडून रिकामी परतणारी गाडीही आमच्याच हिशेबात. येऊन-जाऊन झाले साधारण १८५० किलोमीटर. दोन दिवसांत गेलो आणि गाडी दोन दिवसांत परतली तर चार दिवसांचे किमान १०००. चार दिवसांत गेलो तर सहा दिवसांचे किमान १५००. प्रत्यक्ष अंतर दोन्हींपेक्षा जास्त, म्हणून पैसे दोन्हीकडे १८५० चेच. जास्तीचा खर्च फक्त चालकाचा दोन दिवसांचा भत्ता आणि दोन रात्रींच्या खोल्या. घाईत काही वाचतच नव्हतं! हा हिशेब मी मुद्दाम दिला आहे. आपापल्या गाडीवाल्याची किमान मर्यादा विचारून कोणालाही तो घरी मांडता येईल.

मुलाची इच्छा होती स्वतः चालवायची गाडी घ्यायची. पण ती घेतली तिथेच परत द्यावी लागणार, म्हणजे येताना एकट्याने नऊशे किलोमीटर. शिवाय वाटेत आईला उतरवायला दुसरे हात हवेतच. तो विचार मागे पडला.

मग आली ओळखीची गाडी. एका परिचितांनी आपली घरची गाडी, त्यांचा चालक आणि बाजारापेक्षा बरंच कमी भाडं, असं सुचवलं. भावना चांगली होती, पण गाडीची पाटी पांढरी. पांढऱ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे खासगी गाडी. तिने भाडं घेऊन माणसं न्यायची नसतात. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी आणि आकडे काळे. स्वतः चालवायला मिळणाऱ्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि आकडे पिवळे. खासगी विम्याची गाडी भाड्याने धावताना घाटात काही झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते. यजमानांनी त्यांना नम्रपणे नाही सांगितलं. थोडा रुसवा झाला. तो पुढे दिवाळीच्या फराळावर मिटला.

पिवळ्या पाटीतही चौकशी लागते. तीन राज्यांतून जाणाऱ्या गाडीकडे अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का, हे आधी विचारावं. १ एप्रिल २०२१ पासून हा परवाना ऑनलाइन मिळू लागला, २०२३ मध्ये त्याचे नियम नव्याने आले. राज्याराज्यांच्या हद्दीवर वेगळा कर भरत बसावं लागू नये, हा त्यामागचा हेतू. परवाना एकाच राज्याचा असेल तर पुढच्या राज्यांचा कर कोणी भरायचा, हा वाद नाक्यावर उभा राहतो आणि तोवर म्हातारं माणूस उन्हात बसून असतं. मध्य प्रदेशाने १ जुलै २०२४ पासून आपले परिवहन तपासणी नाके बंद केले. पण नाका गेला म्हणजे कागदांची गरज गेली असं नाही, रस्त्यात तपासणी होतेच. आम्ही गाडीचं नोंदणीपत्र, परवाना, विमा, फिटनेस आणि पीयूसी यांच्या तारखा बघितल्या. एका कार्यालयाने ‘इतकं कोण विचारतं?’ म्हणून कपाळाला आठ्या घातल्या. आम्ही दुसऱ्याकडे गेलो. तिथे दर, किमान किलोमीटर, चालकाचा भत्ता, टोल आणि कर कोणाकडे, गाडी बिघडली तर बदली कोण देणार, हे सगळं एका कागदावर लिहून मिळालं. आम्ही त्यात एक ओळ वाढवली: चालकाच्या झोपण्याची सोय आमची. रात्री गाडीत अवघडून झोपलेला माणूस सकाळी आपल्या आईला घेऊन घाट उतरणार, हे डोळ्यांसमोर आणलं की तो खर्च जड वाटत नाही.

निघायचा वारही ठरवून घेतला. सोमवारी निघालो की मंगळवारी शिर्डीवरून जाता येतं, गुरुवारची गर्दी लागत नाही. पुणे बुधवारी दुपारी ओलांडायचं, म्हणजे शनिवार-रविवारची कोंडी टळते. दिवस मार्गशीर्षाचे. हवा छान, पण कारखान्यांचा गळीत हंगाम. दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर रात्री मागून दिसतही नाहीत, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. अंधारात गाडी नाही, हा नियम त्यामुळे आणखी घट्ट झाला. मुक्कामाच्या ठिकाणी मी स्वतः फोन केले आणि ‘वेस्टर्न आहे’ एवढ्यावर न थांबता दाराला उंबरा किती, बाजूला धरायला काही आहे का, हेही विचारलं. तरीही कमोडची घडीची खुर्ची डिकीत टाकली. दोन ठिकाणी तीच कामाला आली.

निघण्याच्या आदल्या दिवशी गाडी दारात बोलावून आईला बसवून बघितलं. मागे उशी, पायाखाली छोटा पाट. चालक इंदूरचाच तरुण मुलगा, आईला ‘अम्माजी’ म्हणणारा. आई त्याला ‘बाळा’.

सोमवारी सकाळी पोहे-जिलेबी खाऊन आठला निघालो. मानपूरचा घाट उतरला की माळव्याचं पठार संपतं आणि निमाड लागतं. हवेतला गारवा जातो हे गाडीत बसूनही कळतं. खलघाटला नर्मदा आली. पुलावर थांबता येत नाही, म्हणून चालकाने वेग कमी केला. आईने हात जोडले. महेश्वर तिथून जवळच; आई पूर्वी एकदा तिथला घाट बघून आली होती, या वेळी पायऱ्या नकोत म्हणून वळलो नाही. दुपारी बिजासनचा घाट उतरून महाराष्ट्रात शिरलो, पुढे शिरपूरजवळ तापी. आई मोजत होती, ‘दोन झाल्या. आता गोदावरी, भीमा, नीरा, कृष्णा.’ नकाशा आमच्या हातात होता, पण नद्या तिच्या डोक्यात होत्या.

अहिल्यानगरच्या मुक्कामी चालकाने जिल्ह्याच्या नव्या नावाविषयी विचारलं. त्याला सांगितलं, अहिल्याबाईंचा जन्म याच जिल्ह्यातल्या चोंडीचा, १७२५ चा. २०२४ मध्ये जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं. तो म्हणाला, ‘मग आमच्या इंदूरचं माहेर इथे की!’ आई खूप हसली.

चौथ्या दिवशी कोगनोळी ओलांडली. कन्नड पाट्या सुरू झाल्या तशी आई एकेक पाटी मोठ्याने वाचू लागली. निपाणीत चहाला थांबायचं हे तिने इंदूरलाच वहीत लिहून घेतलं होतं. तिने ऐटीत कन्नडमध्ये चहा सांगितला, आणि पोऱ्याने मराठीत विचारलं, ‘आज्जी, साखर चालते न्हवं?’ अकरा महिन्यांत तिला असं कोणी विचारलं नव्हतं.

पायाला सूज न येता, संध्याकाळचे दिवे लागायच्या आत ती आपल्या उंबऱ्याशी पोचली. भावाने पुढे होऊन हात दिला, तो बाजूला करून काठी टेकत स्वतः आत गेली.

चालकाला त्या रात्री आमच्याकडेच झोपवलं. सकाळी आईने त्याच्या हातात कुंद्याचा डबा ठेवला आणि बजावलं, ‘बाळा, तूसुद्धा अंधारात जाऊ नकोस.’ दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा सेंधव्याहून फोन आला, घाट चढून वर आलो म्हणून. आई म्हणाली, ‘जेवलास का विचार.’