राहेलची वाट



उत्पत्तीच्या पस्तिसाव्या अध्यायात राहेल वाटेतच, मुक्कामाचे गाव थोडेच दूर असताना, बाळंतपणात मरण पावते. सुईण तिच्याजवळ होती, धीरही देत होती. उपाय मात्र तिच्या हाती नव्हता. आम्हा महिला मंडळातल्या बायकांना ही वाट परकी नाही. आमच्या खानापूरच्या जंगलपट्ट्यातून बेळगावला येतानाही ती लागते.

गेल्या पावसाळ्यात मंडळीतल्या एका बहिणीचा बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना. पहिल्या दवाखान्यातली नर्सबाई क्षणभरही तिच्यापासून हलली नाही. पण तिथे रक्त नव्हते, आणि गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली. दीड तास तसाच गेला. बहीण वाचली, देवाची स्तुती असो. घरचे मात्र नर्सबाईवरच रागावले. आम्हाला तो राग पटला नाही. रिकाम्या हाताने ती बिचारी काय करणार?

आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एक अभ्यास झाला होता, 2006 साली तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या 1620 बायका त्यात होत्या. बाळ जन्मताच आरोग्यसेविकांनी काहींना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, काहींना औषध नसलेल्या, तशाच दिसणाऱ्या. औषध न मिळालेल्यांत शंभरातल्या 12 जणींना जास्त रक्तस्राव झाला. औषध मिळालेल्यांत 6.4 जणींना. सेविका त्याच, घरे तशीच. फरक पिशवीतल्या गोळ्यांचा. त्या गोळ्या वेळेवर पिशवीत भरणारे कोणी असावे लागते, आणि ते काम नर्सबाईच्या मायेने होत नाही.

2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे, रक्त आणि जाण्यायेण्याची गाडी फुकट आहे. हे आमच्याकडे अजून किती जणींना ठाऊक नाही! त्यात तायी कार्ड कन्नडमध्ये, आणि आमच्या बहिणी शिकल्या मराठी शाळेत.

म्हणून उपासनेनंतर कन्नड वाचणाऱ्या दोन मुली कार्ड घेऊन बसतात. हिमोग्लोबिन किती, रक्तगट कोणता, पुढची तपासणी कधी, हे वाचून सांगतात. दिवस भरत आलेल्या प्रत्येकीसाठी त्याच गटाचे दोन रक्तदाते आणि रात्री उठणारा एक गाडीवाला, अशी नावे आम्ही वहीत लिहून ठेवतो. पाळकसाहेबांचे नाव गाडीवाल्यांत आहे.

ओ निगेटिव्हपुढे सध्या एकच नाव आहे, आणि त्या बहिणीची तारीख पुढच्या महिन्यातली. आणखी कोणी असेल तर रविवारी भेटावे.