साडेसहा ते साडेनऊ

मिरज

चि. भाचेबुवा,


तुझा मेसेज मिळाला. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलास, हात थरथरायचे थांबले, भूक लागतेय, सूनबाई पुन्हा नीट बोलायला लागली, हे सगळं वाचून बरं वाटलं. शेवटी मात्र हळूच विचारलंयस, ‘मामा, सोडली खरी, पण आता जन्मभर असंच कंटाळत बसायचं का?’ फोनवर असतो तर ‘होईल रे सगळं नीट’ म्हणून मोकळा झालो असतो, म्हणून कागद घेतला.

आधी एक सांगतो. तुला येणारा कंटाळा खरा आहे, तो तुझा नाटकीपणा नाही. इतकी वर्षं मेंदूला रोज संध्याकाळी बाहेरून सुख आणून दिलं, त्यामुळे स्वतःहून सुख अनुभवण्याची त्याची सवय मोडली. ती परत यायला काहींना आठवडे लागतात, काहींना महिने. तोवर सिनेमा फिका, जेवण फिकं, माणसंही फिकी. झोपेचं तसंच. दारूनं गुंगी येते, पण रात्रभर झोप तुटत राहते, आणि दारू बंद झाली म्हणून ती लगेच सुधारत नाही. त्यातून प्यायल्याची स्वप्नं पडतात. माणूस दचकून उठतो आणि स्वतःच्याच तोंडाचा वास घेऊन बघतो. दारू सोडलेल्यांच्या आमच्या गटात हे सांगितलं की निम्मे लोक हसतात, कारण त्यांनाही पडलेली असतात. स्वप्नात प्यायलेली मोजायची नसते.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. दारू सोडलेल्या माणसाकडून लोकांना प्रायश्चित्त हवं असतं. त्यानं मान खाली घालून कामावर जावं, पगार बायकोच्या हातात ठेवावा, चतुर्थ्या कराव्यात आणि हसू नये. ताईलाही मनातून तेच हवं असेल. तिनं सोसलंय, तिला बोल लावू नकोस. पण असं सुतकी जगणं फार दिवस टिकत नाही, हे मी गटात पुन्हा पुन्हा पाहिलंय. ज्याला न पिण्यात काहीच मजा येत नाही, तो एक दिवस मजेच्या शोधात जुन्या टेबलावर जाऊन बसतो. त्यामुळे मजा करणं हा तुझ्या उपचाराचाच भाग आहे, औषधाच्या गोळीइतका. ती लाजत लाजत करू नकोस.

तुझी अडचण सगळा दिवस नाहीये. दिवसभर कंपनी तुला धरून ठेवते. अडचण साडेसहा ते साडेनऊची आहे. शिफ्ट सुटते, गेटबाहेर येतोस, आणि गाडीचं हँडल आपोआप त्या वळणाकडे वळतं. एवढे तीन तास भरले की लढाईचा मोठा भाग उरकला. पहिला उपाय इतका साधा आहे की सांगायला संकोच वाटतो: सहा वाजता पोटभर काहीतरी खा. भुकेलं पोट पिण्याची हुक्की हमखास आणतं. नवीन नवीन सोडलेल्याला गोडाचीही ओढ लागते, म्हणून डब्यात गूळ-शेंगदाणे ठेव. हुक्की आलीच तर ती लाटेसारखी येते, चढते आणि साधारण अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ जागा बदलायची, कोणाला तरी फोन लावायचा, अंघोळ करायची. तिच्याशी वाद घालत बसू नये. वादात ती जिंकते.

मग उरलेल्या वेळात काय? अनिल अवचटांचं नाव तू केंद्रात ऐकलं असशील. त्यांनी गर्द नावाच्या नशेच्या विळख्यात सापडलेल्या पोरांवर लिहिलं, आणि त्यातूनच 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि त्यांनी येरवड्यात ‘मुक्तांगण’ सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पाठीशी उभे राहिले. पण मला त्यांची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. हा माणूस बासरी वाजवायचा, कागदाच्या घड्या घालून पक्षी करायचा, लाकडं कोरायचा, चित्रं काढायचा, स्वयंपाकात रमायचा. ‘गर्द’ लिहिणाऱ्यानंच ‘छंदांविषयी’ नावाचं पुस्तक लिहिलं, यात मला काही योगायोग दिसत नाही. आपल्यासारख्यांना छंद ही चैन नाही, गरज आहे. तो चांगला जमला पाहिजे असंही नाही. मी पेटी वाजवतो. कशी वाजवतो ते मामीला विचार. पण बोटं पट्ट्यांवर असतात तेव्हा ती ग्लासावर नसतात.

आणि इथे मिरजेत राहून गाण्याला जाणं मला दारू सुटल्यावर सुचलं, हे कुणाला खरं वाटणार नाही. मीरासाहेबांच्या दर्ग्यातल्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं-बजावणं होतं. त्यांची कबरही त्याच दर्ग्यात आहे. पूर्वी उरुस म्हणजे मला फक्त ‘आज उशीर झाला तरी चालेल’ एवढंच होतं. आता मांडी घालून रात्रभर ऐकतो, आणि सकाळी काय ऐकलं ते आठवतं! तुझ्याकडे सिंहगड आहे. रविवारी पहाटे चढून जा, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खा. पिणाऱ्याला रविवारची सकाळ नसतेच, त्याचा रविवार दुपारी डोकं धरून सुरू होतो. ती सकाळ तुला आता फुकट मिळालीये, झोपून घालवू नकोस.

मटणाबद्दलही असंच. इतकी वर्षं आपण मटण चखणा म्हणून खाल्लं. तिसऱ्या पेगनंतर तिखट कळत नाही, मीठ कळत नाही, आणि जेवायला बसेपर्यंत रस्सा गार. आता रविवारी मीच करतो. वाटण भाजताना जो वास सुटतो, तो मला पन्नाशीनंतर पहिल्यांदा नीट आला.

एक सावधगिरी मात्र हवी. दारूची जागा ऑनलाइन रमीनं किंवा गुटख्यानं घेऊ देऊ नकोस. आपल्यापैकी कितीतरी जण बाटली सोडतात आणि तंबाखूच्या पुडीवर जगतात. तोंड त्यांचंही असतंच ना!

एकट्यानं हे सगळं करायचं म्हटलंस तर जमणार नाही. गटाच्या मीटिंगला तू कंटाळा करतोयस असं ताई म्हणाली. म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. 1935 साली अमेरिकेत, ओहायोमधल्या ॲक्रन गावी बिल विल्सन नावाचा एक शेअर दलाल हॉटेलच्या लॉबीत उभा होता. धंद्याचं काम फिसकटलेलं, दारू सोडून थोडेच महिने झालेले, आणि शेजारच्या बारमधून हसण्याचे आवाज येत होते. त्यानं आत जाण्याऐवजी चर्चवाल्यांना फोन लावले आणि विचारलं, गावात माझ्यासारखा एखादा दारुडा आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. त्यातून त्याची गाठ बॉब स्मिथ नावाच्या सर्जनशी पडली, आणि त्या दोघांच्या बोलण्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभं राहिलं. विल्सनला त्या संध्याकाळी कोणाला उपदेश करायचा नव्हता. त्याला स्वतःला वाचायचं होतं. तू मीटिंगला जातोस तेव्हा समोरच्या नवख्याचंही काम होतं आणि तुझंही.

आता लग्नं, हळदी, खंडेनवमीची पूजा, बोनसचा दिवस. ‘एकच घे, काही होत नाही,’ म्हणणारा तुझा दुश्मन नसतो, तो स्वतःच्या ग्लासाला सोबती शोधत असतो. कारणं देत बसू नकोस. ‘ॲसिडिटी आहे’ म्हणालास की तो पुढच्या महिन्यात पुन्हा विचारणार. ‘मी घेत नाही’ एवढंच म्हण. जेवण लवकर उरक, आपली गाडी आपल्याजवळ ठेव, आणि बैठक बसायच्या आत निघ. माळकऱ्याचं किती बरं असतं बघ! ‘माळ घातलीये’ म्हटलं की अख्खं गाव गप्प बसतं, उलट चहा आणून देतं. तुझी श्रद्धा असेल तर घाल, फक्त लोकांच्या तोंडाला कुलूप म्हणून घालू नकोस.

श्रावणावरही विसंबू नकोस. ‘मी गटारीला शेवटची घेतो आणि महिनाभर थेंबाला शिवत नाही, म्हणजे मी काही दारुडा नाही,’ हा पुरावा आपण सगळ्यांनी दिलाय, आणि श्रावण संपल्यावर तो बाटलीतच बुडवलाय. आपल्या सरकारचंही गमतीशीर आहे. 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार अजूनही प्यायला परवाना लागतो, ‘परमिट रूम’ हे नाव त्यातूनच आलं. आणि तो परवाना कागदोपत्री मिळतो तो आरोग्य राखण्यासाठी. आपल्या दोघांच्या आरोग्याला असा परवाना न मिळालेलाच बरा.

औषधाच्या दुकानात बोलायला शीक. काही खोकल्याच्या औषधांत अल्कोहोल असतं. द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांत ते आंबवताना आपोआप तयार होतं, बाटलीवर तसं छापलेलंही असतं. वैद्य असो की डॉक्टर, आधी सांगायचं, ‘मला दारूचा आजार आहे.’ आणि ताईला बजावून ठेव: ‘नकळत दारू सोडवा’ म्हणून विकतात त्या पुड्या कोणाच्याही भाजीत घालायच्या नाहीत. त्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. दारूवर उलटणारं औषध असेल आणि त्यावर माणूस प्यायला, तर जिवावर बेततं.

एक दिवस घसरलासच, तर लपवू नकोस. महिना-वर्ष फुकट गेलं असं समजून लोक पुढचे चार दिवस पीत बसतात, खरं नुकसान तिथे होतं. आणि पुन्हा रोजची सुरू झाली तर घरात कोंडून घेऊन स्वतःच्या हिमतीवर एकदम थांबवू नकोस. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, माणूस भ्रमात जातो, त्यात जीवही जातो. सरळ डॉक्टरकडे जायचं आणि मला कळवायचं. माझा फोन रात्री चालू असतो.

सूनबाईला हे पत्र वाचायला दे. तू उशिरा आलास की ती अजून तुझ्या श्वासाकडे लक्ष देत असेल, त्याचा राग धरू नकोस. तिचा विश्वास तुझ्या वेळापत्रकानं परत यायचा नाही. तिनंही घरच्या लोकांच्या गटात जायला हवं. अल-ॲनॉनच्या मीटिंगा त्यासाठीच असतात. तिला जायचं असेल त्या संध्याकाळी पोरांना तू सांभाळ.

तुझा,
मामा