भागांना नावे द्या

शाळेत जीवशास्त्राच्या पेपरात एक प्रश्न हमखास असायचा: सुबक आकृती काढा व भागांना नावे द्या. माझी आकृती बरी यायची, पण गुण मिळायचे ते नावांना. पुढे कोल्हापुरात पॅथॉलॉजिस्ट म्हणून जन्म काढला, तोही याच प्रश्नाचं उत्तर लिहिण्यात. सर्जननं गाठ फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून पाठवायची, मी ती मायक्रोस्कोपखाली बघून नाव द्यायचं. पेशंटनं टाके काढून घरी जायचं की मुंबई गाठायची, हे त्या नावावर ठरायचं.

आणि दिसायचं मात्र विलक्षण सुंदर. आमच्या धंद्यात हे कुणी मोठ्यानं बोलत नाही. समोर कुणाचा तरी कॅन्सर असतो.

मेणात बसवलेल्या तुकड्याचा मायक्रोटोमवर चार-पाच मायक्रॉन जाडीचा काप घ्यायचा, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचा. मेण उतरवलं की मग हिमॅटॉक्सिलिन. हा रंग मूळचा मध्य अमेरिकेतल्या लॉगवुड झाडाच्या गाभ्यातला. काचेवर येण्याच्या कितीतरी आधी युरोपात त्यानं कापडं रंगवत. आमच्या लॅबमध्ये तो मुद्दाम जास्त चढवत आणि आम्ल घातलेल्या अल्कोहोलमध्ये क्षणभर बुडवून जादाचा उतरवत. लवकर बाहेर काढलं तर सगळं काळंनिळं, उशीर झाला तर नुसतं फिकं पाणी. मग स्लाइड नळाखाली. तांबूस दिसणारा काप वाहत्या पाण्यात बघता बघता निळा होतो, कारण नळाचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं. रिपोर्टांचा ढीग पडलेला असतानाही मी कधीकधी उगाचच जाऊन नळापाशी उभी राहत असे. शेवटी इओसिनचा गुलाबी. केंद्रकं निळी, भोवतालचं गुलाबी. आयुष्यभर माझी पॅलेट एवढीच.

निवृत्तीनंतर रंग हातात घेतले ते रीतसर लँडस्केपसाठी. कोल्हापुरात दुसरं काय करणार? आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर यांचं हे गाव. इथं रिक्षावालाही चित्रापुढे उभा राहून घाटाची पायरी चुकल्याचं सांगेल. रंकाळ्याच्या काठी बसून मी पाणी, झाडं, म्हशी काढल्या. वाईट नव्हत्या. पण मनात पुन्हा तोच पेपर सुरू झाला: हे झाड कुठलं, ही म्हैस म्हशीसारखी दिसते का.

मग मुंबईत वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र प्रत्यक्ष पाहिलं. १९२४ साली नागपूरला जन्मलेला, १९४८ साली जे. जे.मधून बाहेर पडलेला हा माणूस रोलरनं रंग पसरवायचा आणि पॅलेट नाइफनं खरवडून काढायचा. त्यांच्या बहुतेक कॅनव्हासना नावही नाही. बाकीचे लोक ध्यान, शून्य, झेन वगैरे बोलत होते. मी कॅनव्हासच्या कडेला वाकून बघत होते. खालचा थर कुठं राखलाय, वरचा कुठं उतरवलाय, हे मला वाचता येत होतं. चढवायचं आणि नेमक्या क्षणी उतरवायचं, हे तर आमच्या लॅबमध्ये रोज चालायचं.

अमूर्त म्हणजे मनाला येईल ते, असं समजणाऱ्यांनी एक कॅनव्हास आणून बघावा. मनाला काहीच येत नाही. येतं ते डोळ्यांच्या सवयीचं. मी गोल ठिपका टाकला की तो केंद्रक होतो, ठिपके दाटले की लिम्फोसाइट, आणि कोपऱ्यात गुलाबी पट्टे आले की सरळ यकृत. तिथं नाइफ चालवायचा. ॲक्रिलिक असेल तर हात उचलावा लागतो, उन्हाळ्यात ते डोळ्यांदेखत सुकतं. म्हणून आता तेलरंग बरे वाटतात. ते चुकायला आणि सुधारायला वेळ देतात. शेजारच्या वहिनी अजून विचारतात, "हे नक्की काय काढलंय?" मी म्हणते, "ठाऊक नाही." हे वाक्य नोकरीत असताना लिहायची सोय नव्हती. तिथं फार तर 'पुन्हा बायोप्सी घ्यावी' एवढंच.

गेल्या हिवाळ्यात शाहू स्मारकच्या कलादालनात काही मित्रमैत्रिणींबरोबर माझीही चित्रं लागली. आमच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं स्लाइड रंगवणारे काका नातवाला घेऊन आले. एका मोठ्या निळ्या चित्रापुढे बराच वेळ थांबले, चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला.

"मॅडम, डाव्या बाजूला रंग उतरायचा राहिलाय की वो."

मी म्हटलं, "काका, ते मुद्दाम ठेवलंय."

"असंल," ते म्हणाले. "पर आम्ही अशी स्लाइड टेबलावर ठेवली असती, तर तुम्ही ती परत पाठवली असती."