दगडाच्या पोटातला हिरवा उजेड

मुलांनो, चला, आज मनानेच मेक्सिकोला जाऊ या. या देशाच्या उत्तरेला दुरांगो राज्य आहे. तिथे मापिमी गावाजवळच्या रखरखीत डोंगरात ओहुएला नावाची जुनी खाण आहे. तिच्याकडे जायला खोल दरीवर सुमारे 300 मीटर लांबीचा झुलता पूल आहे. चालताना पायाखालच्या फळ्या हलतात. खाली बघायचं नाही, बरं का!

चांदी आणि शिसं मिळतं म्हणून इथे एक अख्खं गाव वसलं होतं. पुढे मोठं खाणकाम थांबलं, लोक निघून गेले, उरल्या पडक्या भिंती. पण जगभरच्या दगड जमवणाऱ्यांना ओहुएला आजही माहीत आहे, ती 'अ‍ॅडमाइट' या खनिजामुळे. दिवसा पाहिलं तर तपकिरी दगडावर पिवळसर-हिरव्या स्फटिकांचे झुपके, इतकंच! अंधारात त्यावर अतिनील किरणांचा दिवा धरा, की तोच दगड झगझगीत हिरवा होतो.

ही जादू कसली? आपल्या डोळ्यांना अतिनील किरण दिसत नाहीत. दगड ते शोषून घेतो आणि त्यातली थोडी शक्ती आपल्याला दिसणाऱ्या उजेडाच्या रूपात परत देतो. याला फ्लुओरेसन्स म्हणतात. जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटमध्येही हेच घडतं. आत अतिनील किरण तयार होतात आणि काचेला आतून लावलेली पांढरी पूड त्यांचा उजेड करते.

अ‍ॅडमाइट मुख्यतः जस्त आणि आर्सेनिक यांचं बनलेलं असतं. उजेड मात्र देतं त्यात मिसळलेलं किंचितसं युरेनियम! आणि गंमत पाहा, त्यात पुरेसं तांबं मिसळलं, की दगड दिवसा जास्त सुंदर हिरवा दिसतो, पण दिव्याखाली विझल्यासारखा होतो. चिमूटभर पाहुणा घरात दिवा लावतो, दुसरा तो मालवतो.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. आर्सेनिक म्हणजे आपला सोमल, जहाल विष. संग्रहालयात काचेआड हा दगड खुशाल पाहा. कधी हाती आलाच, तर तो चाटू नका, फोडू नका, नंतर साबणाने हात धुवा. अतिनील दिव्याकडे तर थेट बघूच नका. सुंदर वस्तूची ओळख करून घ्यायची ती तिचा स्वभाव जाणूनच, खरं ना?