जुन्या गाडीचा धूर आणि शेजाऱ्याचा हक

जुन्या ट्रकला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवावा का, हा प्रश्न आमच्या दस्तरखानावर दोन महिने रोज निघत होता. भाईजानचा ट्रक २००८ चा, भारत स्टेज २ चा. लासलगावचा कांदा मुंबईला पोहोचवून त्याच ट्रकने घर चालवलं, माझं बीएडही त्याच भाड्यावर झालं. विकून टाका म्हणणं सोपं असतं. पण ती आमची हलाल रोजी आहे.

पण फजरनंतर गल्लीत गाडी सुरू झाली की धूर शेजारच्या घरात शिरायचा. त्या घरातला मुलगा माझ्याच वर्गात, दप्तरात दम्याचा पंप घेऊन येणारा. त्याच्या अम्मीने कधी तक्रार केली नाही, मुकाट्याने खिडकी लावून घ्यायची. तिचं ते न बोलणंच भाईजानला लागलं.

एका दुकानदाराने सांगितलं, "हा डबा बसवा, धूर गायब!" बिल मात्र द्यायला तयार नव्हता. भाईजानने मला विचारलं, "तू विज्ञान शिकवतेस, सांग बघू, खरं आहे का?"

डिझेल गाडीच्या या डब्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम यांचा पातळ थर असतो. त्याच्या स्पर्शाने कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळालेलं इंधन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. धातू स्वतः खर्च होत नाही. पण काळी काजळी हा डबा फारशी अडवत नाही, तिच्यासाठी वेगळं फिल्टर लागतं.

आमचे मिस्त्रीचाचा शिकले सातवीपर्यंत, पण बोलले नेमकं. "बाजी, काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. आधी इंजिन बरं करा. नाहीतर ऑइलची राख त्या जाळीवर बसेल, जाळी चोंदेल, गाडी ओढणार नाही आणि पैसे पाण्यात."

म्हणून आधी नोझल तपासले, पंप कॅलिब्रेट केला, एअर फिल्टर बदलला, पिस्टनच्या रिंगा टाकल्या. निम्म्याहून जास्त खर्च इथेच झाला आणि काळा धूरही इथेच कमी झाला. मग परिवहन कार्यालयात चौकशी केली, कारण गाडीत मनाला येईल तो बदल करायला कायद्याची परवानगी नाही. त्यानंतर इंजिनाच्या क्षमतेला जुळणारा डबा पक्क्या बिलावर घेऊन सायलेन्सरच्या पुढे, इंजिनाच्या जवळ बसवला. गंधकाने अशा डब्याचं काम बिघडतं. ट्रक नवा होता तेव्हा डिझेलमध्ये दहा लाख भागांत ५०० भागांपर्यंत गंधक चालायचं, १ एप्रिल २०२० पासून ते १० वर आलं. त्यामुळे आजच्या डिझेलवर तो टिकण्याची आशा जास्त.

पण एक गोष्ट दुकानदाराने सांगितलीच नव्हती. डबा साधारण २०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणजे पहाटे थंड इंजिन गल्लीत घरघरत असतं, नेमक्या त्या वेळी त्याचा उपयोग नाही. महामार्गावर तो हवा सुधारेल. पण शेजारच्या मुलाला त्याचा काय फायदा?

यावर उपाय मात्र फुकटचा निघाला. भाईजान आता ट्रक वस्तीबाहेरच्या मोकळ्या मैदानात लावतात आणि फजर पढून दहा मिनिटं चालत जातात. गुडघे दुखतात, तरी जातात.

रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हदीसमध्ये ईमानची एक शाखा सांगितली आहे. धूर हातात धरून बाजूला करता येत नाही. त्यासाठी इंजिनाची दुरुस्ती, डबा आणि ही दहा मिनिटांची चाल, तिन्ही लागतात. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी सुरुवात शेवटच्या गोष्टीपासून करावी. तिला पैसे लागत नाहीत, आणि शेजाऱ्याचा हक त्याच दिवशी अदा होतो.