सेकंडहँड गाड्यांचा माणूस

त्याच्या घरात नवी कोरी मोटरसायकल कधी आलीच नाही. वडिलांनी हीरो होंडा सीडी १०० घेतली तीही गावच्या ग्रामसेवकाने वापरून झाल्यावर. १९८५ मध्ये हे मॉडेल बाजारात आलं, तेव्हा बुलेट-राजदूतच्या आवाजाला सरावलेल्यांना ते खेळणंच वाटलं असणार. पण त्यातलं ९७.२ सीसीचं फोरस्ट्रोक इंजिन टिकलं. १९९४ ची स्प्लेंडर त्याच मापाच्या इंजिनावर आली आणि आजच्या स्प्लेंडर प्लसच्या कागदावरही तोच आकडा आहे. त्यामुळे रिंग किंवा क्लचप्लेटसाठी वडिलांना कधी जिल्ह्याच्या गावी जावं लागलं नाही.

कॉलेजात त्याचं मन बसलं यामाहा आरएक्स १०० वर. कंपनीने ती १९९६ मध्ये बंद केली, तरी कऱ्हाडच्या पोरांनी ती बंद होऊ दिली नाही. टूस्ट्रोक इंजिन, म्हणजे ना हेडमध्ये व्हॉल्व्ह, ना टायमिंग चेन. बिघडायला मुळात सामानच कमी. मात्र पेट्रोलसोबत ऑइल जळणार, सायलेन्सर कार्बनने तुंबणार आणि बोअर करून पिस्टन बदलण्याची वेळ लवकर येणार. आज या गाडीला जो भाव सांगतात तो हौसेचा भाव आहे. रोज कामावर जाणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. शिवाय पंधरा वर्षं उलटली की गाडीची फेरनोंदणी आणि पर्यावरण कर आला. आणि आता पंपावर येतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढतं, त्या काळच्या रबरी नळ्यांना आणि सीलना ते मानवत नाही. महिनोन् महिने झाकून ठेवलेली ‘शोरूम कंडिशन’ गाडी म्हणूनच त्याला आता रोज पळणाऱ्या गाडीपेक्षा जास्त संशयास्पद वाटते.

नोकरी लागल्यावर त्याने दीडशे सीसीची, सेल्फस्टार्टची गाडी पाहिली. सोबत नेलेल्या मिस्त्रीने इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. आधी हँडल हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवलं. मधोमध अडकलं, म्हणजे कोनसेट गेलेला. मागचं चाक धरून हलवलं, चिमट्याचे बुश सैल. मग फूटरेस्टचं रबर दाखवलं. मीटरवर अठरा हजार किलोमीटर आणि रबर मात्र पार गुळगुळीत!

व्यवहार तिथेच मोडला.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले आणि साध्या शंभर सीसीच्या गाडीतही कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन बसलं. थंडीत चोक ओढत बसायचं नाही, प्लग वरचेवर काळा पडायचा नाही. नवी गाडी रस्त्यात कमी वेळा उभी राहते, हे जुन्या गाड्यांच्या भक्तांनीही कबूल करावं. मात्र उभी राहिली की राहिली. टाकीतला पंप कचऱ्याने अडला, सेन्सर गेला किंवा बॅटरी पार उतरली, तर पाना-पकडीवर भागत नाही. स्कॅनर लावणारा शोधावा लागतो. पुण्यात तो चौकाचौकात आहे. पाटण-कोयनेच्या वरच्या वाड्यांत टेम्पो बोलवावा लागतो, आणि मग टिकाऊपणाचा सगळा हिशेबच बदलतो.

यंदा दोन गाड्या घ्यायच्या होत्या, एक पुण्यात शिकणाऱ्या मुलीला आणि एक गावाकडे शेती बघणाऱ्या भावाला. मुलीसाठी त्याने २०२१ नंतरची, एका हातची, सर्व्हिसच्या पावत्या असलेली सव्वाशे सीसीची बीएस-६ ठरवली. अशी गाडी पाहताना चावी फिरवली की इंजिनाचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल, तर कोणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. भावासाठी २०१८-१९ ची, कार्बोरेटरची बीएस-४. किक आहे, गावातला मिस्त्री ती डोळे मिटून उघडतो, आणि पंधरा वर्षं भरायला अजून बराच अवकाश आहे. दोघांपैकी एकालाही दुसऱ्याची गाडी दिली असती, तर ती वाईटच ठरली असती.

वाचकांपैकी कोणी या रविवारी गाडी पाहायला निघणार असेल, तर सकाळी लवकर जावं आणि मालकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवावं की गाडी सुरू करून ठेवू नका. इंजिनाला हात लावून पाहावा. ते आधीच गरम लागलं, तर पहिल्या किकला काय होतं आणि निळा धूर किती निघतो, हे आपल्याला दिसू नये याची सोय झालेली असू शकते. अशा वेळी चहा घ्यावा, पण इसार देऊ नये.