अंधारातही न उघडणारी बाहुली

मागच्या आठवड्यात शेजारची अकरावीची मुलगी गणिताची वही घेऊन आली. "काका, गणित डोळ्याचं आहे, तुम्हाला तर आलंच पाहिजे!"

धडा लिमिटचा, म्हणजे सीमेचा होता. सूत्र असे: बाहुलीचे क्षेत्रफळ = (४० + २४ब) ÷ (१ + ४ब). इथे 'ब' प्रकाशाबरोबर वाढतो आणि उत्तर चौरस मिलिमीटरमध्ये येते.

प्रकाश शून्याकडे गेला की उत्तर ४० कडे जाते. प्रकाश वाढतच गेला की सुट्या ४० आणि १ ला काही किंमत उरत नाही. उरतात २४ भागिले ४, म्हणजे ६. व्यासात सांगायचे तर अंधारात बाहुली सुमारे ७ मिलिमीटर, आणि ऊन कितीही कडक असले तरी पावणेतीनच्या आसपास. प्रत्यक्षात माणसागणिक फरक पडतो, वय वाढले की बाहुली लहानच राहते. पण नियम एकच: अंधार झाला की बाहुली उघडते.

मुलगी उत्तर लिहून गेली. मला मात्र २०१७ चा पावसाळा आठवला.

त्या वर्षी आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती. फवारणी करताना औषध अंगावर, तोंडावर येत होते. विषबाधेने शेकडो शेतकरी-मजूर दवाखान्यात दाखल झाले आणि वीसच्या आसपास जणांचा जीव गेला.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी लाईट गेलेली असताना एका मजुराला त्याच्या मुलाने आणले. "उनाची चक्कर असन, साहेब. डोयानं धुरकट दिसते म्हणते." दुपारपासून घरीच झोपवले होते. घाम, लाळ, उलट्या सुरू होत्या. खोलीत जवळजवळ अंधार, तरी बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. उन्हाने आलेल्या चक्करेत असे होत नाही.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधे शरीरातले एक एन्झाइम बंद पाडतात. नसांकडून स्नायूंना आणि ग्रंथींना जाणारा 'काम करा' हा निरोप मग थांबतच नाही. बाहुली आवळणारा स्नायू आवळलेलाच राहतो. प्रकाश किती आहे, याला अर्थ उरत नाही. तिकडे छातीत पाणी साचते, श्वासाचे स्नायू थकतात. जीव जातो तो श्वासामुळे. त्या मजुराला अॅट्रोपिन सुरू करून यवतमाळला पाठवले. तो वाचला. आणखी दोन तास घरी गेले असते, तर सांगता येत नाही.

म्हणून फवारणीच्या दिवसांत एवढे लक्षात ठेवा. फवारल्यानंतर धुरकट दिसणे, घाम, लाळ, मळमळ, छाती भरून येणे, अंग फडफडणे, यातले काहीही झाले तर ऊन लागले असे समजून झोपवू नका. हातमोजे घालून कपडे काढा, अंग आणि केस साबण-पाण्याने धुवा. उलटी करायला लावू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा सोबत आणा.

एक सावधगिरी: बाहुली मोठी दिसली म्हणून विष नाही, असे समजू नका, प्रत्येक रुग्णात ती बारीक होतेच असे नाही. आणि बाहुली बारीक होण्याची दुसरीही कारणे असतात, काही डोळ्यांचे थेंबसुद्धा. निदान डॉक्टरांवर सोडा. तुम्ही फक्त वेळ घालवू नका.